धागा: सीझनच्या मधेच टीम वर कशी येते आणि खाली कशी जाते? (एफ-वन, २०२५ च्या निमित्तानं)

कट्टेकरी_इंदूर
मंडळी, अबू धाबी, म्हणजे सीझनची शेवटची रेस, संपली. पॉइंट असे: मॅकलरेनचा नॉरिस ४२३, रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टापेन ४२१, मॅकलरेनचाच पियास्ट्री ४१०. राजेंद्रनगरला आमच्या घरी दरवेळसारखी सगळी गँग जमली होती. रेस संपल्यावर जो वाद सुरू झाला तो रात्री उशिरापर्यंत मिटला नाही, म्हणून इथे टाकतोय.

प्रश्न असा. हंगेरीत मॅक्स नववा आला होता. ३१ ऑगस्टला झांडवोर्ट झाली तेव्हा तो पियास्ट्रीपेक्षा १०४ पॉइंटनं मागे होता. आम्ही सगळ्यांनी त्याला सोडून दिलं होतं. आणि मग मोंझापासूनच्या नऊ रेसपैकी सहा त्यानं जिंकल्या, उरलेल्या तिन्हीत पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, होता. शेवटी दोन पॉइंटनं हुकला.

ड्रायव्हर तोच, गाडी तीच, इंजिन तेच. मग बदललं काय? आणि उलट बाजूनं, जी मॅकलरेन ऑगस्टपर्यंत कुणाच्या हाती लागत नव्हती ती एकदम सापडायला कशी लागली? माझं मत असं की रेड बुल सुधारली त्याहून जास्त मॅकलरेन थांबली. पण मला हे नीट समजून घ्यायचंय, नुसतं 'अपग्रेड आणलं' या उत्तरानं समाधान होत नाही.

छप्पनवाला
मॅक्स. बाकी काही नाही.

जुनी_इंदूरची
छप्पनवाला, मॅक्स हंगेरीतही मॅक्सच होता ना? नववा आला. तीन आठवड्यांच्या सुट्टीत माणूस एवढा बदलत नाही.

छप्पनवाला
ताई, रेड बुलच्या दुसऱ्या गाडीत त्सुनोदा होता. मोंझानंतर त्यालाही सुधारलेली गाडी मिळाली, तरी एकदाही पोडियमवर आला नाही. गाडीच सगळं करत असेल तर दोघंही वर यायला हवे होते.

पिथमपूरकर
दोघांचंही बरोबर आहे, सांगतो कसं. जरा लांबण लागेल.

मी गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये आहे, रेसिंगच्या नाही, साध्या गाड्यांच्या. पण दुखणं एकच असतं: कॉम्प्युटर एक सांगतो, टेस्ट बेंच दुसरं, आणि रस्ता तिसरंच. आमच्याकडे कोस्ट-डाउन म्हणून एक टेस्ट असते. गाडी ठरावीक वेगाला न्यायची, न्यूट्रल करायची आणि ती आपोआप कशी मंदावते ते मोजायचं. त्यावरून हवेचा आणि टायरचा विरोध काढतात. पहाटे करतो, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. तरी एकाच दिशेनं करून भागत नाही, जाताना आणि येताना दोन्ही बाजूंनी करतो, म्हणजे वाऱ्याचा परिणाम एकमेकांत कटतो. एवढं करूनही टायर थोडा थंड असला की आकडा हलतो. ही साध्या गाडीची गोष्ट.

आता एफ-वन बघा. विंड टनेलमध्ये, म्हणजे गाडीवर वारा सोडून बघायच्या बोगद्यात, पूर्ण आकाराची गाडी ठेवायला नियमानं बंदी आहे. ६० टक्क्यांचं मॉडेल, आणि वाऱ्याचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८०. खरी गाडी ३०० च्या वर पळते. मधलं अंतर हिशेबानं भरून काढायचं. त्यात २०२२ ते २०२५ च्या या गाड्यांचा बराचसा डाउनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबून धरणारं बळ, फ्लोअरखालून (गाडीच्या तळाखालून) येतो. पाण्याच्या नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाणी जोरात सुटतं, तशी फ्लोअर आणि रस्ता यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून हवा जोरात जाते, तिथला दाब पडतो आणि गाडी खाली ओढली जाते. ही जागा काही मिलिमीटरनं कमीजास्त झाली तरी सगळा डाव बदलतो. खड्डा, कर्ब (वळणाकाठची उंच कड), ब्रेक मारताना नाक खाली जाणं, पेट्रोल संपत आल्यावर गाडी हलकी होणं, या सगळ्यात ती बदलत राहते. टनेलमधलं मॉडेल हे सगळं जसंच्या तसं भोगत नाही.

रेड बुलचं नेमकं इथेच फसलं होतं. २०२४ मध्ये मॅक्सनं पहिल्या दहापैकी सात रेस जिंकल्या, नंतर सलग दहा रेस एकही नाही, मग ब्राझीलच्या पावसात सतराव्या जागेवरून जिंकला. त्या काळात ते नवे पार्ट आणत होते, पण टनेलमध्ये मिळालेला फायदा रस्त्यावर दिसत नव्हता. त्यांचं टनेल बेडफर्डला आहे, खूप जुनं, बाहेरच्या हवामानाचाही त्याच्यावर परिणाम होतो. म्हणून तर नवं बांधतायत.

म्हणजे नवा पार्ट आणणं हा अर्धाच भाग. आकड्यावर विश्वास ठेवता येणं हा खरा भाग. मोंझाला त्यांनी नवा फ्लोअर आणला तेव्हा तो सांगितल्याप्रमाणे चालला. त्याच्यासोबत सेटअप करायची त्यांची पद्धतही तोवर बदलली होती, ड्रायव्हरला जे जाणवतं त्याला जास्त वजन द्यायला लागले होते. मॅक्सला पोल, म्हणजे सगळ्यात पुढून सुरुवात, तोही ताशी २६४ किलोमीटरच्या सरासरीनं, आणि रेस १९ सेकंदांनी.

त्सुनोदाबद्दल छप्पनवाला म्हणतात ते खरंच आहे. त्या गाडीचं पुढचं टोक फार तीक्ष्ण आणि मागचं चंचल. ती सांभाळू शकणारा माणूस एकच. त्यामुळे गाडी सुधारली की फायदाही त्यालाच जास्त होतो.

तात्या_लोकमान्यनगर
वा पिथमपूरकर! अशी उत्तरं येतात म्हणून मी इथे येतो.

कट्टेकरी, तुमच्या 'थांबली' या मुद्द्यावर मला बोलायचंय. २००९ आठवा. होंडानं डिसेंबर २००८ मध्ये टीम बंद करायची ठरवली, टीमप्रमुख रॉस ब्रॉननं ती वाचवली, मर्सिडीजचं इंजिन घाईघाईत बसवलं. पहिल्या सातपैकी सहा रेस त्यांच्या बटननं जिंकल्या! एक चीनची तेवढी पावसात रेड बुलच्या व्हेटेलनं नेली. आणि तुर्कस्ताननंतर बटननं पुढच्या दहा रेसमध्ये एकही जिंकली नाही. त्याच टीमच्या बारिकेलोनं व्हॅलेन्सिया आणि मोंझा काढल्या तेवढंच.

गाडी वाईट झाली का? मुळीच नाही. डबल डिफ्युझरची (गाडीच्या मागच्या टोकाखालून डाउनफोर्स वाढवायची) युक्ती सुरुवातीला मोजक्याच टीमकडे होती. ती कायदेशीर ठरल्यावर बाकीच्यांनीही बसवली. ब्रॉनकडे पैसा नव्हता, माणसं कमी करावी लागली होती, नवे पार्ट रेड बुलच्या वेगानं येत नव्हते. शिवाय त्यांची गाडी टायरला फार हळुवार वागवायची. उन्हाळ्यात हे वरदान, पण सिल्व्हरस्टोन आणि जर्मनीच्या थंडीत टायर गरमच होईनात. ज्या गुणामुळे जिंकत होते तोच आड आला.

बटन ब्राझीलला पाचवा आला आणि चॅम्पियन झाला. आधी साठवलेल्या पॉइंटवर. तो दिवस मला अजून आठवतो, टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

बडोदेकर
तात्या, अगदी. आणि यात ऍस्टन मार्टिन २०२३ जोडा. पहिल्या आठ रेसमध्ये त्यांच्या अलोन्सोचे सहा पोडियम, नंतरच्या चौदामध्ये दोन. शेवटी टीम पाचवी. त्याच वर्षी मॅकलरेन बहरीनला इतकी मागे होती की नॉरिस सतरावा आणि पियास्ट्री बाहेर. ऑस्ट्रियाला मोठं अपग्रेड आलं, सिल्व्हरस्टोनला नॉरिस दुसरा, पियास्ट्री चौथा, आणि वर्षअखेर ते ऍस्टनच्या पुढे, चौथे. एकाच सीझनमध्ये दोघांची अदलाबदल. ऍस्टनही पार्ट आणत होतीच, पण त्यांचे काही पार्ट उलटे पडले.

नवशिकी
नमस्कार, मी यंदापासूनच बघायला लागले, त्यामुळे प्रश्न साधा वाटेल. सगळ्यांना अपग्रेडचा फायदा कळतो, तर सगळेच सतत अपग्रेड का नाही आणत? मॅकलरेनकडे पैसे नाहीत असं तर नाही ना?

जुनी_इंदूरची
साधा नाही, मुख्य प्रश्न हाच आहे.

पैसा असला तरी खर्चायला मर्यादा आहे. २०२१ पासून खर्चाची कमाल मर्यादा आहे, तेव्हा ती १४ कोटी ५० लाख डॉलर होती. रेड बुलनं त्याच वर्षी ती ओलांडली म्हणून त्यांना ७० लाख डॉलर दंड झाला आणि टनेलची वेळ १० टक्के कापली गेली. दुसरी मर्यादा वेळेची. टनेल आणि कॉम्प्युटर सिम्युलेशन किती वापरायचं हे टेबलमधल्या जागेवर ठरतं. पहिल्या टीमला ठरलेल्या वेळेच्या ७० टक्के, दुसऱ्या टीमला ७५, असं पाच-पाचनं वाढत दहाव्याला ११५. ३० जूनला पुन्हा जागा बघतात आणि नव्यानं वाटप होतं. ऑगस्टमध्ये दोन आठवडे फॅक्टरी बंद ठेवावीच लागते.

म्हणजे मॅकलरेन २०२५ मध्ये वर्षभर सगळ्यात कमी तास घेऊन बसली होती. त्यातच २०२६ साठी गाडी, इंजिन, टायर सगळ्यांचे नियम बदलणार. मग प्रत्येक तास यंदाच्या गाडीवर घालायचा की पुढच्या? आघाडीवर असलेल्यानं पुढच्याचा विचार करणं अगदी शहाणपणाचं. फेरारीनं तर यंदाच्या गाडीच्या एअरोचं (हवेच्या प्रवाहाचं) काम एप्रिलअखेरच थांबवलं, त्यांचे टीमप्रमुख वासर यांनी नंतर स्वतः सांगितलं. आधीच तयार होत असलेले पार्ट आले, नवं डिझाइन नाही. एकही ग्रां प्री न जिंकता चौथे आले. रेड बुलनं उलटं केलं, याच गाडीवर काम चालू ठेवलं.

नवशिकी
म्हणजे पहिल्या आलेल्याला शिक्षा? हे मला पटत नाही. मेहनत केली म्हणून कमी वेळ?

ग्वाल्हेरी
मलाही पटत नाही. स्पर्धा म्हटली की जो चांगला त्यानं पुढं जावं.

तात्या_लोकमान्यनगर
पोरी, २०२३ मध्ये रेड बुलनं २२ पैकी २१ रेस जिंकल्या होत्या. फक्त सिंगापूर सुटली, ती साइन्झनं फेरारीत घेतली. ते वर्ष रविवारी संध्याकाळी साडेसहाला टीव्ही लावून बसलेल्या आमच्यासारख्यांना विचार. हा नियम नसता तर २०२४ मध्ये मॅकलरेन १९९८ नंतर पहिल्यांदा कन्स्ट्रक्टर्स (टीमची) चॅम्पियन होऊ शकली असती असं मला वाटत नाही. ६६६ विरुद्ध फेरारीचे ६५२, शेवटच्या रेसला ठरलं. मी या नियमाच्या बाजूनं ठाम उभा आहे.

ग्वाल्हेरी
तात्या, मजा यावी म्हणून न्याय बाजूला ठेवायचा का? माझं मत बदललं नाही. 🙂

छप्पनवाला
विषय जरा बाजूला: पिथमपूरला नॅट्रॅक्सचा तो ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे. घरापासून तासाभराच्या अंतरावर. तिथे रेस का नाही होत हो? बुद्ध सर्किटवर २०११ ते १३ तीन रेस झाल्या, तिन्ही व्हेटेलनं नेल्या, मग बंद. आपल्याकडे ट्रॅक आहे तर!

पिथमपूरकर
हा प्रश्न मला दर लग्नात कुणीतरी विचारतं. नॅट्रॅक्सचा तो ट्रॅक म्हणजे अंडाकृती, वळणं तिरपी चढवलेली. गाडी सतत वेगात ठेवून बघायला बांधलाय, ओव्हरटेकिंगला नाही. एफ-वनला रनऑफ, बॅरियर, पिट लेन, स्टँड सगळं वेगळ्या दर्जाचं लागतं. पण आवाज ऐकायचा असेल तर कधी पहाटे त्या बाजूला जाऊन उभे राहा. कुंपणाबाहेरूनही अंगावर काटा येतो.

छप्पनवाला
पोहे-जिलेबी मी आणतो.

बडोदेकर
परत मुद्द्यावर. अजून एक कारण कुणी मांडलं नाही: नियम आणि टायर मधेच बदलतात. २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोनला टायर फुटले, हॅमिल्टन, मासा, व्हर्न, पेरेझ. टायर पुरवणाऱ्या पिरेलीनं हंगेरीपासून बांधणी बदलली, २०१२ च्या पद्धतीवर गेले. त्याआधी फोर्स इंडिया मॅकलरेनच्या पुढे पाचवी होती. त्यानंतर त्यांची घसरण झाली, शेवटी सहावी. आणि व्हेटेलनं स्पापासून उरलेल्या सगळ्या नऊ रेस जिंकल्या. आपल्या देशाचं नाव लावणारी टीम होती, त्यामुळे मला ते फार लागलं होतं.

२०२२ ला पण पहा. बेल्जियमपासून गाडीच्या उसळण्यावर आणि फ्लोअरच्या लवचिकतेवर कडक तपासणी आली. फेरारीचा लक्लेर जुलैमध्ये ऑस्ट्रियात जिंकला, ती फेरारीची त्या वर्षीची शेवटची जीत. पण माझ्या मते तपासणीपेक्षा त्यांचं नुकसान आधीच झालं होतं: स्पेन आणि बाकूला आघाडीवर असताना इंजिन गेलं, फ्रान्सला तो स्वतः भिंतीत गेला.

जुनी_इंदूरची
आणि ट्रॅकचा भास! हा सगळ्यात जास्त फसवतो. २००९ ला स्पाला फिसिकेला फोर्स इंडियात पोलवर होता, रेसमध्ये दुसरा. त्याआधी टीमचा एकही पॉइंट नव्हता. टीम एका आठवड्यात जादूनं सुधारली का? कमी ड्रॅगची (हवेचा विरोध कमी असलेली) गाडी, मर्सिडीजचं इंजिन, आणि तशीच लांब सरळ रस्त्यांची शर्यत. मोनॅको-हंगेरीत तीच गाडी पुन्हा मागे गेली असती. सलग तीन रेस एकसारख्या ट्रॅकवर आल्या की लोक म्हणतात फॉर्म आला. फॉर्म नसतो, कॅलेंडर असतं.

कट्टेकरी_इंदूर
ताई, म्हणूनच माझी शंका अजून संपली नाही. मोंझा आणि बाकू दोन्ही कमी डाउनफोर्सचे ट्रॅक. रेड बुलचा पुनर्जन्म हाही कॅलेंडरचाच भास होता का?

पिथमपूरकर
चांगला प्रश्न. मला आधी तीच शंका होती. पण मग सिंगापूरला बघा, अगदी उलटा ट्रॅक, कमी वेग, उंच डाउनफोर्स, खडबडीत रस्ता. मर्सिडीजचा रसेल जिंकला पण मॅक्स दुसरा, दोन्ही मॅकलरेनच्या पुढे. ऑस्टिनला जिंकला. म्हणजे भास नव्हता.

मात्र ती गाडी नीट चालायची सेटअपची खिडकी अरुंदच राहिली. ब्राझीलला क्वालिफाइंगच्या, म्हणजे सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या सत्राच्या, पहिल्याच फेरीत दोन्ही रेड बुल बाहेर! रात्रीत सेटअप पूर्ण बदलला, नवं इंजिन टाकलं, पिट लेनमधून निघून मॅक्स तिसरा. एकाच शनिवार-रविवारी तीच गाडी सगळ्यात वाईटही होती आणि उत्तमातही होती. आकडे चुकले तर काय होतं ते शनिवारी दिसलं, बरोबर आले तर काय होतं ते रविवारी.

तात्या_लोकमान्यनगर
आणि मॅकलरेननं स्वतःच्या हातानं घालवलेलं विसरू नका. लास वेगासला नॉरिस दुसरा, पियास्ट्री चौथा, आणि गाडीच्या तळाची फळी झिजून नियमातल्या किमान ९ मिलिमीटरच्या आत गेली म्हणून दोघंही बाद. कतारला सातव्या लॅपला सेफ्टी कार आली (तेव्हा सगळे हळू चालतात, म्हणून टायर बदलायला कमी वेळ जातो), जवळपास सगळे पिटमध्ये गेले, हे दोघं बाहेर राहिले. मॅक्स जिंकला. यात अपग्रेड कुठे आलं?

पिथमपूरकर
तात्या, फळीचं मात्र अपग्रेडशी नातं आहे. फ्लोअर जितका जमिनीजवळ तितका डाउनफोर्स. वेगासला सरावात पुरेसं धावणं झालं नाही, गाडी उसळली, फळी घासली. सगळे काठावर चालतात. पुढं असलेल्याला काठापासून दूर राहायची मुभा असते, पण मागून मॅक्स येत असल्यावर ती मुभा घेणं अवघड जातं.

ग्वाल्हेरी
हे आवडलं. मागच्याच्या वेगामुळे पुढच्याच्या चुका वाढतात.

नवशिकी
मग मला घरी बसून कसं कळणार की टीम खरंच सुधारली? कॉमेंट्री ऐकून दर आठवड्याला वेगळंच वाटतं.

जुनी_इंदूरची
मी काय करते ते सांगते. रेसचा निकाल बाजूला ठेव, त्यात सेफ्टी कार, पाऊस, पिट स्टॉप सगळं मिसळतं. क्वालिफाइंगमध्ये टीमच्या वेगवान गाडीची पोलपासूनची तफावत सेकंदात नाही, टक्क्यात लिही. पोल ८० सेकंदांची आणि ही ०.४ मागे, म्हणजे अर्धा टक्का. मग ट्रॅकचे गट पाड: मोंझा-स्पा-बाकू एकीकडे, मोनॅको-हंगेरी-सिंगापूर दुसरीकडे, बार्सिलोना-सिल्व्हरस्टोन-सुझुका तिसरीकडे. आपल्याच गटात तफावत कमी झाली तरच मी सुधारणा मानते.

पिथमपूरकर
याला एक जोडा. शुक्रवारचा पहिला सराव बघत जा. नवा पार्ट लावलेल्या गाडीवर कधी भडक हिरवा किंवा पिवळा रंग फासलेला दिसतो, कधी चाकामागे मोठी जाळीची चौकट. रंग हवा कुठून वाहते ते दाखवतो, चौकटीत दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या असतात. टनेलनं सांगितलेलंच रस्त्यावर घडतंय का, हे ते तपासतायत. दोन गाड्यांवर दोन वेगळे फ्लोअर दिसले आणि शनिवारी दोन्हीवर जुनाच परत आला, तर समजायचं की काही जुळलं नाही.

कट्टेकरी_इंदूर
हे मला हवं होतं. रेड बुलनं वेळ याच गाडीवर घातली, आकडे जुळवले, मॅकलरेननं वेळ पुढं वळवली. थांबली म्हणण्यापेक्षा, तिनं दुसरीकडे खर्च केला. पण मग एक उरतंच: २०२६ ला रेड बुल याची किंमत मोजेल का?

बडोदेकर
मोजायला हवी, हिशेबानं. शिवाय पुढच्या वर्षी त्यांचं इंजिनही स्वतःचं, फोर्डसोबत. पण त्यांचं म्हणणं असं होतं की या गाडीतलं चुकलेलं समजल्याशिवाय त्याच टनेलवर आणि त्याच पद्धतीवर पुढची गाडी कशी काढायची? मला ते पटतं.

जुनी_इंदूरची
मला नाही पटत. विल्यम्सनं यंदाचं काम लवकर थांबवलं, तरी पाचवी आली आणि साइन्झनं बाकू आणि कतारला पोडियम काढले. मी त्यांच्याकडे डोळे लावून बसलेय.

छप्पनवाला
२०२६ ची पहिली रेस, मेलबर्न, ८ मार्चला. आपल्याकडे सकाळी साडेनऊ. कट्टेकरी, या वेळी नाश्त्याला येतो, रात्रीच्या जेवणाला नाही.

कट्टेकरी_इंदूर
सगळ्यांनी या. ताईंच्या टक्केवारीचा तक्ता मी भिंतीवर लावतो, तीन गट, पहिल्या क्वालिफाइंगपासून भरायचा.

पिथमपूरकर
लावा, पण बहरीनच्या टेस्टिंगचे आकडे त्यात घालू नका. कुणाच्या टाकीत किती पेट्रोल आहे ते बाहेर कळत नाही, आणि दहा किलो जास्त म्हणजे लॅपला साधारण तीन दशांश सेकंद. तिथे एका लॅपकडे बघू नका, एकाच टायरवर सलग मारलेल्या पंधरा-वीस लॅप बघा. वेळ हळूहळू वाढते की एकदम कोसळते, त्यावरून टायरचं कळतं. तेवढं टेस्टिंगमधून हाती लागतं.